विनी टॉल्सनची गुरुवारची वाट

आमच्या स्किलबेक गावात कुणाच्या घरी काय शिजतंय ते सगळ्यांच्या नाकाला कळतं, आणि का शिजतंय ते मला कळतं. काही लोक याला भोचकपणा म्हणतात. मी शेजारधर्म म्हणते. विनी टॉल्सनच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे, तीही अशी की तिनं पलीकडे किटली ठेवली की अलीकडे मी कप काढते. एकोणीस वर्षं त्या भिंतीला पाठ लावून (कान म्हणत नाही मी) राहिल्यावर विनीबद्दल लिहायचा हक्क माझ्याइतका दुसऱ्या कुणाचा नाही.

विनी त्र्याहत्तर वर्षांची. उंची बेताची, खांदे मात्र पैलवानाचे, कारण चौतीस वर्षं तिनं तळ्याकाठच्या हॉटेलच्या धुलाईघरात ओल्या चादरी पिळल्या. लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूल नाही. या तिन्ही गोष्टी ती एका दमात सांगते, बसचं वेळापत्रक सांगावं तशी. गाडी चालवायला ती शिकलीच नाही. कुणी विचारलं तर खाली आपल्या बुटांकडे बघते, जणू विचारणाऱ्याला ते दिसले नसावेत.

हॉटेलात तिच्या सुटीचा वार गुरुवार. एकतीस वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण मेबल नवऱ्याच्या दगडखाणीतल्या नोकरीपायी डोंगरापलीकडे, आर्नडेलला राहायला गेली, आणि तेव्हापासून दर गुरुवारी विनी डोंगर ओलांडून तिच्याकडे जायची. सकाळी साडेसातला निघायचं, हेलवॉटर तळ्याच्या कडेकडेनं जायचं, हाय हाउसच्या शेतातून चढायचं, खिंडीतल्या लहान तळ्याशी चहा प्यायचा आणि पलीकडे उतरायचं. सात मैल. पर्यटकांच्या पुस्तकात या वाटेला ‘मध्यम अवघड, चार तास’ असं म्हटलंय. विनीला तीन लागतात, आणि ते पुस्तक लिहिणाऱ्याला कुणीतरी जरा चालायला लावायला पाहिजे असं तिचं मत आहे.

आर्नडेलला पोचलं की मेबलच्या केसांना रोलर लावायचे, ते वाळेपर्यंत तिला पेपर वाचून दाखवायचा, आधी मेलेल्यांची पानं, मग उरलं तर जिवंतांची. मेबलचे डोळे दहा वर्षांपासून अधू आहेत. नवरा गेला, मुलगा कीथ कार्लाइलला असतो. रस्त्यानं जायचं तर डोंगराला सव्वीस मैलांचा वळसा, आणि बस अशी की गेलेला माणूस त्याच दिवशी परत येत नाही. म्हणून पाय. निवृत्त झाल्यावर विनीला सातही वार मोकळे झाले, तरी गुरुवार तिनं बदलला नाही.

पंचक्रोशीत ती प्रसिद्ध आहे ती डोंगरात छत्री घेऊन जाणारी बाई म्हणून. भडक रंगाची जाकिटं घातलेले, दोन-दोन काठ्या टेकत चाललेले पाहुणे तिच्या काळ्या छत्रीकडे बघून हसतात. एकदा धुकं उतरलं होतं आणि असे चारजण खिंडीत फोनवरचा नकाशा फिरवून फिरवून बघत उभे होते. विनी त्यांना म्हणाली, माझ्या मागून या आणि बोलू नका, मी मोजतेय. खिंडीतल्या दगडांच्या ढिगापासून खालच्या भिंतीपर्यंत आठशे चाळीस पावलं. भिंत आली. चौघांनी तिचे आभार मानले, तर ही त्यांना म्हणाली की तुमच्यामुळं मधे एकदा चुकलेच होते.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं, पण हाय हाउसचा म्हातारा आयझॅक फेरन दोन वर्षांपूर्वी वारला. ब्रह्मचारी माणूस. बोलणं इतकं कमी की त्याच्या कुत्र्यालाही खुणेनंच सगळं कळायचं. त्याच्या पुतण्यानं शेत विकलं आणि दक्षिणेकडून मिस्टर ऑल्डस व्हिटकॉम आले. खिडक्यांचा कारखाना विकून आलेला माणूस, म्हणून त्याला बाहेरचं कुणी दिसू नये असं वाटत असावं, असा विनोद मी केला होता. गावात बरा खपला. खरं सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. त्यानं अल्पाका पाळले होते. मान उंटाची आणि डोकं नुकतंच सलूनमधून आलेलं, असलं ते जनावर. मागच्या ऑगस्टमध्ये कुणीतरी पाहुण्यानं फाटक उघडं टाकलं आणि दोन अल्पाका तळ्याकाठच्या दलदलीत पोटापर्यंत रुतले. सहा माणसं आणि एक ट्रॅक्टर लागला. दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप, शेजारी भिंतीवरून चढायच्या पायऱ्यांवर काटेरी तार, आणि पाटी: ‘खाजगी. वाट नाही.’

आणि कागदावर बघायला गेलं तर खरंच वाट नव्हती. सरकारी नकाशावर हिरव्या रेघांनी साऱ्या पायवाटा दाखवतात, त्यात हीच तेवढी राहून गेलेली. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण चालणारा माणूस नकाशा बघत नाही आणि नकाशा बघणारा चालत नाही.

पहिल्या महिन्यात मी विनीला दोनदा माझ्या गाडीतून वळशानं आर्नडेलला नेलं. दोन्ही वेळा तिला गाडी लागली. तिसऱ्यांदा ती आली नाही. गुरुवारी सकाळी साडेसातला भिंतीपलीकडे तिच्या खुर्चीचा आवाज यायचा, मग काहीच नाही. मला तो आवाज सोसेना. तिकडे कीथनं मेबलला कळवलं की आठवड्याला कुणी येऊन बघणारं नसेल तर तुला एकटीला ठेवता येणार नाही, ईस्टरनंतर कार्लाइलला एका वृद्धांच्या घरात खोली बघितली आहे. मेबल त्या खोलीबद्दल फोनवर एवढंच म्हणाली की तिला खिडकी आहे, पण समोर गाड्यांचा तळ आहे. मग दोघी बहिणी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. भिंत पातळ असली की माणसाला न बोललेलंही ऐकू येतं.

तेव्हा क्लेमेंट राउटलेज पुढे आला. आमच्या शाळेचा निवृत्त मास्तर, गावसभेचा सचिव, कायद्याचं पुस्तक कादंबरीसारखं वाचणारा. त्यानं सगळ्यांना गोळा करून नियम सांगितला. एखाद्या वाटेनं लोक सलग वीस वर्षं चालले, तर ती वाट लोकांची होते. मात्र तीन अटी. चोरून चाललेलं नको. दांडगाईनं चाललेलं नको. आणि मालकाच्या परवानगीनं चाललेलंही नको, कारण परवानगी दिली म्हणजे वाट त्याची, तुम्ही पाहुणे.

आता हा कायदा कुणी लिहिला ते मला माहीत नाही, पण त्यानं आमच्या लोकांकडे बघून लिहिला नाही एवढं नक्की. आम्ही पायावर पाय देणाऱ्याची माफी मागणारी माणसं. आमच्याकडून वीस वर्षं न विचारता काही करून घ्यायचं म्हणजे मांजराकडून पोहून घेण्यासारखं.

तरी अर्ज भरले. अडतीसजणांनी लिहून दिलं की आम्ही या वाटेनं चाललो. मीही दिलं. ‘किती वेळा?’ या रकान्यात मी ‘बऱ्याचदा’ असं लिहिलं. एकोणीस वर्षांत सहा वेळा, त्यातले दोनदा अर्ध्यावरून परत. पण साऱ्यांच्या वर नाव विनीचं: एकतीस वर्षं, दर गुरुवारी, जाऊन-येऊन. मास्तर म्हणाला की बाकीचे सदतीस नसले तरी चालतील, ही एक बाई पुरे.

मार्चमध्ये सरकारनं निरीक्षक पाठवायचं ठरवलं. मिसेस लॅव्हरिक म्हणून कुणी. सुनावणी दोन दिवसांची: बुधवारी आमच्या गावच्या सभागृहात बाकीचे साक्षीदार, गुरुवारी सकाळी निरीक्षकबाईंनी स्वतः वाट चालून बघायची, आणि दुपारी आर्नडेलच्या प्रार्थनामंदिराच्या खोलीत उरलेल्या साक्षी. तिथली म्हातारी माणसं इकडे येऊ शकत नव्हती म्हणून. विनीची साक्ष मुद्दाम शेवटी.

मंगळवारी दुपारी भिंतीतून आल्याचा, गुळाचा आणि गरम लोण्याचा वास आला. मी कप घेऊनच गेले. विनी ओव्हनमधून आल्याचा केक काढत होती, ओट घातलेला, काळपट, आमच्याकडे थंडीत करतात तसला. कुणासाठी, म्हणून विचारलं तर म्हणाली, व्हिटकॉमसाठी. जानेवारीत द्यायचा राहून गेला.

मला काही उमजेना. त्या माणसानं तुझ्या तोंडावर कुलूप लावलं आणि तू त्याला केक देतेस?

“दर वर्षी पहिल्या गुरुवारी आयझॅकला द्यायचे ना मी,” विनी म्हणाली. “विचारायला जायचे तेव्हा.”

“काय विचारायला?”

“या वर्षीही तुमच्या शेतातून गेले तर चालेल ना, ते.”

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. आयझॅक असेपर्यंत. दर वर्षी. केक देऊन परवानगी. अडतीस साक्षीदारांतली सर्वांत मोठी साक्ष म्हणजे विनी, आणि तिचं पहिलंच वाक्य वाटेच्या मुळावर येणार होतं. मी तिला ते समजावून सांगितलं. ती केक साच्यातून काढत राहिली. मग म्हणाली, “नोरीन, दुसऱ्याच्या दारावरून जाताना विचारायचं नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.”

मी फक्त एकाच माणसाला सांगितलं. तो क्लेमेंट मास्तर होता, आणि तो त्या वेळी पबमध्ये बसला होता, यात माझा काय दोष? माझा आवाज जरा मोठा आहे. आणि पबमध्ये ग्लास धुणारी शीला सकाळी व्हिटकॉमच्या घरी फरशी पुसते, हे मला माहीत असायला हवं होतं. म्हणजे माहीत होतंच, मी नाही तर कोण, पण ऐन वेळी सुचलं नाही.

मास्तर पांढराफटक पडला. लगेच विनीकडे गेला. मी भिंतीशी. त्यानं तिला विनवलं की खोटं बोलू नकोस, पण विचारलं नाही ते सांगूही नकोस. विनी म्हणाली की विचारलं तर सांगेन. मास्तर म्हणाला की मग तुझी साक्षच नको, तुझं नाव काढून टाकू. विनी म्हणाली की एकतीस वर्षं चालले ती मी, आणि नाव काढणार तू? मास्तर उठला. बाहेर पडताना तो माझ्याकडे अशा नजरेनं बघत गेला की मी दारातल्या कुंडीला पाणी घालू लागले. पाऊस पडत होता.

बुधवारची सुनावणी ठीकठाक झाली. माझी साक्ष झाली. मिसेस लॅव्हरिकनी चष्म्यावरून बघत ‘बऱ्याचदा’ म्हणजे किती असं विचारलं, आणि मी सहा म्हणाले. सभागृहात कुणीतरी खोकलं. तो खोकला टेडचा, माझ्या नवऱ्याचा होता.

गुरुवारी सकाळी वाटेला लागलो ते पाचजण: मिसेस लॅव्हरिक, मिस्टर व्हिटकॉम, मास्तर, विनी आणि मी. मी गावाची प्रतिनिधी म्हणून गेले. कुणी नेमलं होतं असं नाही, पण कुणी अडवलंही नाही. व्हिटकॉमचा वकील शहाण्यासारखा गाडीतून वळशानं गेला.

निघण्याआधी मिसेस लॅव्हरिकनी नियम सांगितला: चालताना खटल्याबद्दल कुणीही एक शब्द बोलायचा नाही. वाट कुणाची, कोण चाललं, कधी चाललं, काही नाही. बघायचं ते मी बघेन. म्हणजे आता पाच माणसांनी सात मैल एकत्र चालायचं आणि ज्याच्यासाठी चालतोय ते सोडून बाकी सगळं बोलायचं. दुसऱ्या कुठल्या देशात हे जमलं नसतं. आम्ही हवामानावर बोललो. हेलवॉटरच्या काठानं पहिला दीड मैल आम्ही पश्चिमेच्या ढगांवर काढला. ढग संपले तेव्हा मागच्या वर्षीचे ढग काढले.

विनी पुढे. छत्री मिटलेली, काखेत. तिचं चालणं बघण्यासारखं आहे. घाई नाही आणि थांबणं नाही, घड्याळाच्या लोलकासारखं. चढ आला तरी तीच चाल, उतार आला तरी तीच. व्हिटकॉमचे पाय लांब, तो सारखा पुढे जायचा आणि ओशाळून थांबायचा. मी तळ्याच्या टोकाशीच धापा टाकू लागले होते आणि मी अर्ध्यावरून परत येईन ही टेडनं घातलेली पैज मला आठवत होती. सात महिन्यांनी विनी या वाटेवर पाय ठेवत होती, पण तिच्याकडे बघून कळत नव्हतं. फक्त ओढ्यातल्या पायटाकणीच्या दगडांवर ती एकदा थांबली, तिसरा दगड हलत होता. तिनं वाकून त्याच्याखाली एक चपटी कपची सरकवली, पाय देऊन बघितला आणि पुढे गेली. मिसेस लॅव्हरिकनी वहीत काहीतरी लिहिलं.

हाय हाउसच्या फाटकाचं कुलूप व्हिटकॉमनं काढलं, पायऱ्यांवरची तारही बाजूला केली. फाटकाशेजारीच जुन्या दगडी भिंतीत चढून जायच्या पायऱ्या आहेत, भिंतीतून बाहेर आलेल्या तीन लांब शिळा. मधल्या शिळेला वाटीसारखा खळगा पडलेला. सगळे उघड्या फाटकातून गेले. विनी सवयीनं शिळांवरून गेली, आणि तिचा बूट त्या खळग्यात असा बसला की त्याला दुसरी जागाच माहीत नसावी. ती काही बोलली नाही. बोलायचंच नव्हतं. मिसेस लॅव्हरिक मात्र खाली वाकून त्या खळग्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. पलीकडे एक अल्पाकाही बघत होता.

घराच्या दाराशी विनी थांबली, पिशवीतून डबा काढला आणि व्हिटकॉमच्या हातात दिला. म्हणाली, “या वर्षीचा.” मास्तरनं डोळे मिटले. ती आता पुढचं वाक्य म्हणणार, निरीक्षकांच्या देखत म्हणणार, असं त्याला वाटलं आणि मलाही वाटलं. पण नियम म्हणजे नियम. विनी चालू लागली. व्हिटकॉमला आदल्या दिवशीच शीलाकडून सगळं कळलेलं होतं, हे त्याच्या कानांच्या रंगावरून मी ओळखलं. त्या डब्याचं काय करावं ते त्याला कळेना. शेवटी डबा काखेत धरून तो डोंगर चढला.

खिंडीतल्या लहान तळ्याशी आम्ही बसलो. वारा पाण्यावर बोटं फिरवल्यासारखा फिरत होता, राखाडी मेंढ्या दगडांत मिसळून गेल्या होत्या. एक दगड उठून चालू लागला तेव्हा कळलं. व्हिटकॉमनं डबा उघडून सगळ्यांपुढे केला. बहुधा त्याला तो एकट्यानं खायचा धीर होत नव्हता. मास्तरनं घेतला नाही. मी दोन तुकडे घेतले. मिसेस लॅव्हरिक म्हणाल्या की मला कुणाही पक्षाकडून काही घेता येत नाही, आणि आमच्याकडे पाठ करून स्वतःचं चीज सँडविच खात बसल्या, म्हणजे मोह नको. व्हिटकॉमनं पहिला घास खाल्ला, मग दुसरा. मग म्हणाला की ऊन पडेल असं वाटतंय. पडलं नाही.

दुपारी आर्नडेलच्या त्या खोलीत पहिल्या रांगेत मेबल बसली होती. केस कानांवर सपाट चिकटलेले. विनीनं तिच्याकडे बघितलं आणि तिचा जबडा घट्ट झाला. साक्षीच्या भीतीनं नाही, केसांमुळं.

वकील तरुण होता, नम्र होता, आणि शीलाची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. त्यानं एकतीस वर्षांवर वेळ घालवला नाही. सरळ विचारलं की दर वर्षी पहिल्या गुरुवारी तुम्ही मिस्टर फेरनकडे केक घेऊन जात होता का. विनी हो म्हणाली. कशासाठी? विचारायला. काय विचारायला? विनीनं मला सांगितलं तेच वाक्य, जसंच्या तसं सांगितलं. खोलीत आर्नडेलचे तीसेक लोक आणि आमचे दहा-बारा, सगळ्यांनी ते ऐकलं. मी माझ्या बुटांकडे बघत होते. त्या बुटांना चिखल लागला होता आणि तो सगळा माझ्याच जिभेचा आहे असं मला वाटत होतं.

“आणि विचारल्यावर वर्षभर तुम्ही त्या वाटेनं गेलात,” वकील म्हणाला.

“गेले.”

“धन्यवाद, मिसेस टॉल्सन.” तो बसला. व्हिटकॉम त्याच्या शेजारी होता, पण जिंकलेल्या माणसासारखा दिसत नव्हता. मास्तरनं कागद आवरायला घेतले होते.

मिसेस लॅव्हरिकनी मान वर केली. त्या म्हणाल्या की मला एक गोष्ट विचारायची आहे. मिस्टर फेरन काय उत्तर द्यायचे?

विनी त्यांच्याकडे वळली. “हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच,” ती म्हणाली. तिनं मास्तरकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त.

“चिडायचा,” विनी म्हणाली. “दर वर्षी एकच उत्तर. म्हणायचा, ‘बाई, ही वाट माझी नाही. माझ्या आज्यानं शेत घेतलं तेव्हा ती इथं होतीच. जे माझं नाही ते मी तुला कुठून देऊ? मी आज हो म्हटलं तर उद्या कुणी नाही म्हणेल. मला विचारू नकोस. केक ठेव आणि चालू लाग.’”

मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्या मेंढपाळाचा आवाज आला की आयझॅकनं मलाही हेच सुनावलं होतं. मिसेस लॅव्हरिकनी त्याला थांबवून, नाव विचारून, रीतसर पुढे बोलावलं आणि पुन्हा सांगायला लावलं. त्याला आयझॅकची नक्कलही येत होती. वकील दोनदा उठला आणि दोनदा बसला.

“मग दर वर्षी ते ‘विचारू नकोस’ म्हणत असताना तुम्ही पुन्हा का विचारत होता?” मिसेस लॅव्हरिकनी विचारलं. हा प्रश्न त्यांच्या वहीसाठी नसावा, पेन खाली ठेवलेलं होतं.

“दारावरून जायचं म्हणजे विचारायला नको?” विनी म्हणाली. “आणि एकटा माणूस. नुसता केक दिला असता तर त्यानं घेतला नसता. त्याला वाटलं असतं, मी दया करतेय.”

सुनावणी संपली. निकाल लेखी येणार होता, काही आठवड्यांनी. विनीनं मेबलला घरी नेलं, रोलर लावले, ते वाळेपर्यंत सात महिन्यांच्या मेलेल्यांची ठळक ठळक नावं सांगितली. तोवर मी मेबलच्या शेजारणीशी ओळख करून घेतली. चांगली बाई आहे, तिकडची बरीच माहिती आहे तिच्याकडे.

परत निघालो तिघंच. मास्तरला पाठीचं कारण सुचलं आणि तो वकिलाच्या गाडीतून गेला, ज्याच्याशी तो दोन दिवस भांडला होता त्याच्याच. व्हिटकॉमला घरी जायचं होतं आणि त्याचं घर वाटेतच. खिंड चढताना तो विनीच्या शेजारून चालला, या वेळी तिच्या चालीनं. आयझॅक कसा होता हे विचारत होता. विनी म्हणाली की कमी बोलायचा, तुम्हालाही शिकता येईल.

हाय हाउसला उतरलो तेव्हा खालचं फाटक बंद. गड्यानं अल्पाकांच्या काळजीनं पुन्हा कुलूप घातलं होतं, आणि भिंतीतल्या शिळांवर ऑगस्टपासून होती ती काटेरी तार पुन्हा ओढून ठेवली होती. व्हिटकॉमला लाज वाटली. त्यानं घाईघाईनं किल्ली काढली.

“या, मिसेस टॉल्सन,” तो म्हणाला. “तुम्हाला माझी परवानगी आहे. आज, आणि इथून पुढे कुठल्याही गुरुवारी. निकाल काहीही लागो.”

तो मनापासून बोलत होता. मी पुढे पाऊल टाकलंसुद्धा. विनीनं माझी बाही धरली.

“नको,” ती म्हणाली.

व्हिटकॉम किल्ली हातात धरून तसाच उभा राहिला.

“तुम्ही परवानगी दिलीत आणि मी गेले, तर मी तुमची पाहुणी झाले,” विनी म्हणाली. “त्या बाई तिकडे विचार करत बसल्यात. मी इकडे पाहुणी व्हायचं होय? निकाल लागेपर्यंत मला तुमची परवानगी घेता यायची नाही.”

“मग मी काय करू?”

“ते तुम्ही बघा. तार तोडली तर ती दांडगाई होते, तेही बसत नाही कायद्यात.”

बारीक पाऊस सुरू झाला. विनीनं छत्री उघडली आणि आरामात उभी राहिली. तिला कसलीच घाई नव्हती. स्किलबेक अजून दोन मैल होतं आणि माझ्या गुडघ्यांना फार घाई होती, पण ते कोण विचारतं. व्हिटकॉमनं एकदा फाटकाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. खिडक्यांचा कारखाना चालवलेला माणूस, पण असा पेच त्याला कधी पडला नसावा. एखाद्या बाईला जाऊ तर द्यायचं, पण जाऊ दिलं असं होऊ द्यायचं नाही.

मग त्यानं कुलूप काढलं. काढून खिशात घातलं. फाटक थोडं ढकललं आणि कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाला की तळ्यावर बगळा आलाय वाटतं, जरा बघून येतो. वीस पावलं खाली जाऊन, आमच्याकडे पूर्ण पाठ करून, पावसात उभा राहिला आणि पाण्याकडे बघत राहिला.

तळ्यावर बगळा नव्हता. मी नीट बघितलं.

विनी फाटकातून गेली, मी तिच्या मागून गेले. तिनं फाटक लावलं, खिट्टी बसली की नाही ते हलवून पाहिलं, अल्पाकांसाठी. दोन मैल ती त्याच चालीनं पुढे. आमच्या दाराशी आल्यावर एवढंच म्हणाली की नोरीन, यापुढे पबमध्ये काही सांगायचं असेल तर पूर्ण सांगत जा, अर्धं सांगू नकोस.

निकाल यायला अकरा आठवडे लागले. वाट लोकांची ठरली, नकाशावर हिरवी रेघ आली. पण मेबलचं कार्लाइलला जाणं ईस्टरलाच रद्द झालं होतं. कीथ खात्री करायला आला, तर आईचे केस रोलर लावून घेतलेले आणि मावशी पेपर वाचत बसलेली. कारण त्या अकराही गुरुवारी, सकाळी सव्वाआठला आणि दुपारी चारला, मिस्टर व्हिटकॉम कुलूप खिशात घालून तळ्यावर बगळा बघायला जात होते.